दोन रुपये तेरा पैसे

आमच्या घराण्यात धंद्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला मी एकटाच. आमचा धंदा बुडाला तो याच कारणाने.

मी औरंगाबादेत (तेव्हा शहराचं नाव हेच होतं) एका कॉलेजात कॉमर्स शिकवायचो. 'खर्च अधिक नफा बरोबर विक्रीची किंमत' हे वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की झोपेतसुद्धा माझा उजवा हात हवेत बरोबरचं चिन्ह काढतो, असं बायको सांगायची. स्वतः मात्र मी आयुष्यात काही विकलं नव्हतं. नाही म्हणायला एकदा जुनी सायकल विकली होती. पण ती घेणाऱ्याला माझी इतकी दया आली की त्याने त्याच सायकलवरून मला डबलसीट घरी आणून सोडलं, आणि चहा पिऊन गेला.

बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. पुढची खोली रस्त्यावर उघडायची आणि तिथे संध्याकाळी माझी शिकवणी चालायची. एका नागपंचमीला पुरणाचे दिंड वाढता वाढता वंदना, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "अहो, पुढची खोली मला द्या. धपाट्यांचं दुकान टाकते."

"धपाट्यांचं? धपाटं ही काय विकायची वस्तू आहे?"

"का नाही? सगळ्या तालुक्यांची माणसं इथं उतरतात. कुणाला कोर्टात जायचं, कुणाला दवाखान्यात. पहाटेची निघालेली असतात, नुसत्या चहावर हिंडतात. आत्यांच्या हातचं गरम धपाटं, वर दही! कोण नको म्हणेल?"

मी हसलो. ती हसली नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं झाली, या घरात माझ्या नावाचं काही नाही. विजेचं बिलसुद्धा तुमच्या नावानं येतं."

शेवटी असं ठरलं, की दसऱ्यापर्यंत खोली तिची. दसऱ्याला नफा दिसला तर खोली कायमची तिची, नाही दिसला तर शिकवणी परत सुरू. शिकवणीचे सगळे बेंच आमच्या निजायच्या खोलीत रचले. त्यानंतर रात्री कूस बदलायची तर आधी बेंच सरकवावा लागायचा.

आता आत्याबद्दल. ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आमचं मूळ गाव पिशोर. आत्याला वैधव्य लवकर आलं, तेव्हापासून ती आमच्याकडेच. एकुलती एक मुलगी सोयगावला दिलेली. आत्याच्या हाताला चव अशी, की तिने ज्वारीच्या पिठात नुसतं मीठ घालून थापलं असतं तरी माणसाने बोटं चाटली असती. ती धपाटी भाजणार, गिऱ्हाइकाशी बोलणार आणि पैसे घेणार. वंदना पीठ मळणार, दही लावणार. आणि मी? मी दर ठरवणार! एवढं एकच काम मला मिळालं आणि ते मी जीव तोडून केलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी रसायनं तोलायचा काटा मागून आणला.

"आत्या, एका धपाट्याला पीठ किती?"

"मूठभर."

"तुझी मूठ की माझी?"

"तुझ्या मुठीत काय मावतंय रं? खडू!"

"बरं, तेल?"

"लागंल तेवढं."

"तिखट?"

"डोळ्याला पानी येईस्तोवर."

मग मीच सगळं तोललं. ज्वारीचं पीठ, बेसन, लसूण, मिरची, कोथिंबीर, रॉकेल, दही. धपाटं ज्या ओल्या फडक्यावर थापतात त्या फडक्याची झीज धरली. कोथिंबीर बाजारातून पिशवीत आणली म्हणून पिशवीचीही झीज धरली. त्यावर पंचवीस टक्के नफा चढवला. उत्तर आलं दोन रुपये साडेबारा पैसे. अर्धा पैसा मी मोठ्या मनाने गिऱ्हाइकावर ढकलला आणि पाटी रंगवली: 'स्पेशल धपाटं-दही, दर रु. २.१३, उधार बंद.'

वंदना पाटीकडे बघतच राहिली. "सरळ दोन रुपये ठेवा ना!"

"दोन ठेवले तर पंचवीस टक्के बसत नाहीत."

"तेरा पैसे?" आत्याने डोक्यावरचा पदर सावरला. "ह्यो दर हाय का लग्नाचा मुहूर्त?"

पहिल्या दिवशी मी कॉलेजातून धावतच घरी आलो. पिठाचा डबा रिकामा! दह्याचं पातेलं खरवडलेलं! मी आनंदाने गल्ला उघडला. आत दोन रुपयांची एक नोट होती, आणि एक सुपारी.

"चोरी झाली!" मी ओरडलो.

"कशाची चोरी?" आत्या शांतपणे तवा घासत होती. "लई गर्दी झाली. सगळी आपलीच मानसं निघाली. त्यो एक कोल्हापूरकडचा व्हता. लई शोधलं बाबा, पार त्याच्या आजीच्या माहेरापर्यंत गेले, पर कुटंच लागंना बिचारा. मंग घेतले त्याच्याकडनं पैसे."

"आणि तेरा पैसे?"

"सुट्टे नव्हते त्याच्याकडं. म्हणलं असू दे. आधीच बिचाऱ्याचं इथं कोनी नाय."

मी सुपारीबद्दल विचारायचं धाडस केलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आतल्या दाराच्या पडद्याआड उभा राहून बघायचं ठरवलं. पांढऱ्या मिशांचा एक शेतकरी बाकड्यावर येऊन बसला. आत्याने धपाटं वाढलं, आणि दह्याचा चमचा हवेतच धरून विचारलं, "कोन गावचं म्हनायचं?"

"चिंचोलीचा."

"चिंचोलीत कुटं?"

"मारुतीच्या पाराजवळ."

"पाराजवळ? मंग ती नाचनवेलला दिलेली सखू तुमची कोन?"

"चुलत बहीन व्हय माझी."

"अगं बया! सखूची जाऊ म्हंजी आमच्या मावसबहिनीची नणंद की रं! मंग तू माझा भाऊ लागला का नाय?"

तो माणूस हबकला. बिचारा फक्त धपाटं खायला आला होता, त्याला बहीण मिळाली. हात धुऊन त्याने बंडीच्या खिशात हात घातला, तर आत्या कडाडली, "हात काढ आदी! भावाकडनं पैसे घिऊ? वंदे, टॉवेल-टोपी आन!"

मी पडदा धरला म्हणून पडलो नाही.

वंदना निमूटपणे ट्रंकेकडे गेली. ही आमची आहेराची ट्रंक. आमच्याकडे प्रत्येक घरात अशी एक असते. लग्नाकार्यात मिळालेले टॉवेल, टोप्या, खण तिच्यात जातात आणि पुढच्या लग्नाकार्यात तिच्यातून बाहेर पडतात. त्या टोप्या कुणी घालत नाही. त्या फक्त फिरत असतात. ज्याची टोपी त्यालाच परत जाऊ नये म्हणून आत्या प्रत्येक टोपीच्या आतून एक दोरा टाचून ठेवायची. कन्नडकडची लाल, सिल्लोडकडची हिरवी, आणि कुणाची ते आठवत नसलेली पिवळी. चिंचोलीच्या भावाच्या डोक्यावर पिवळ्या दोऱ्याची टोपी बसली. पाठोपाठ दोन बायका आल्या. त्यांच्यातली एक 'भाची' निघाली आणि खण-नारळाने ओटी भरून घेऊन, कपाळी हळदीकुंकू लेवून गेली. पोटात धपाटं होतंच.

म्हणजे मी पंचवीस टक्के नफा लावून ठरवलेला धंदा गिऱ्हाइकाला जेवू घालून, कपडे देऊन आणि नारळ देऊन चालला होता!

"तू त्यांना अडवत का नाहीस?" मी वंदनाला बाजूला घेऊन विचारलं.

"मी अडवू? आत्या तुमची, तुम्ही अडवा."

मी आत्यासमोर बसलो. नफा म्हणजे काय, भांडवल म्हणजे काय, सगळं वर्गात सांगतो तसं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "समदं पटलं बग. पर पाव्हन्याला खाऊ घालून पैसे मागायचे म्हंजी तोंड कुटं लपवायचं, ते न्हाई सांगितलंस." याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

आठवडाभरात ट्रंकेचा तळ दिसला. मला वाटलं, चला, सुटलो. पण परवा परवापर्यंत रिक्षाला घाबरणारी माझी आत्या एकटी रिक्षाने शहागंजात जाऊन आली! तिथे आमच्या जुन्या ओळखीच्या खलीलभाईंचं कापडाचं दुकान. गल्ल्यात चुकून पडलेल्या नोटा तिने तिकडे नेल्या आणि टॉवेल-टोप्यांचं गाठोडं इकडे आणलं. मला हे कळलं ते खलीलभाईंनीच रस्त्यात मला गाठलं तेव्हा.

"मास्टर, एक बात पुछूँ? आपके घर में कित्ते दिन से शादी चलरी?"

"शादी? नाही हो."

"आत्या टॉवेलां लेके जारे, टोप्यां लेके जारे, दूल्हा किदर बी दिखताच नहीं!"

"शादी नहीं, खलीलभाई. हॉटेल है."

खलीलभाईंनी चष्मा काढून पुसला. "हॉटेल? अरे मास्टर, हॉटेलवाले गिराक के जेब से निकालते. तुम गिराक के सर पे रखरे!"

तो माणूस मला फसवत नव्हता, उलट घाऊक भाव लावत होता. पण आमच्या धपाट्यांवर त्या महिन्यात औरंगाबादेत कुणाला नफा झाला असेल तर तो खलीलभाईंना.

मात्र मी कॉमर्सचा माणूस. माझ्या ध्यानात आलं, की चूक आत्याची नाही, हिशोबाची आहे. टॉवेल-टोपी हा या धंद्यातला नेहमीचा खर्च आहे आणि तो मी किमतीत धरलेलाच नाही! रात्रभर बसून मी नवा दर काढला. टॉवेल धरला, टोपी धरली, नारळाची सरासरी धरली आणि टोपीवरही पंचवीस टक्के नफा चढवला. (तत्त्व म्हणजे तत्त्व!) जुन्या पाटीवर नवी पाटी लटकवली: 'रु. ९.३७.'

पहिलंच गिऱ्हाईक कुठल्याशा कंपनीचा फिरता विक्रेता निघाला, चांगला टायवाला. आत्याने नागपूरपर्यंत नातं शोधलं, लागलं नाही. त्याने बिल ऐकलं आणि उडालाच.

"एका धपाट्याला नऊ रुपये? काय सोन्याचं आहे का?"

मी पुढे होऊन समजावलं. "साहेब, धपाट्याचे दोनच. बाकीचे टोपीचे."

"कुठली टोपी?"

"जी इतरांना दिली जाते."

त्याने टाय सैल केला. मग हात पुढे करून म्हणाला, "मग माझी टोपी द्या."

बोलणं अगदी रास्त होतं! त्याला टोपी दिली. टायवर टोपी घालून तो गेला. म्हणजे आतापर्यंत फक्त नातेवाइकांना टोपी मिळत होती, आता नातं नसलेल्यांनाही मिळू लागली. ही आमच्या धंद्याची वाढ. शिवाय ही बातमी बसस्थानकावर पसरली. 'मागच्या गल्लीत जा, आत्याचा भाचा आहे म्हणा, खायला मिळतं आणि वर टोपी मिळते.' माझ्याच वर्गातली दोन पोरं एके दिवशी नव्या कोऱ्या पांढऱ्या टोप्या घालून पहिल्या बाकावर बसली. मी फळ्यावर 'नफा' हा शब्द लिहिला आणि सगळा वर्ग खोकला.

दसरा तोंडावर आला. वंदना आता बोलत नव्हती. रात्री बेंचांच्या आड तिच्या बांगड्या वाजायच्या तेवढ्याच. एकदा मी म्हणालो, "काळजी करू नको." तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बेंच पुढे न्यायला माणूस लागेल. आत्ताच सांगून ठेवा." ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

मग मी कॉलेजातून रजा काढली. नऊ सदतीसची पाटी उतरवली, जुना दर कायम केला, आत्याला आत तव्यापाशी बसवलं आणि स्वतः गल्ल्यावर बसलो. माझ्या डोक्यावर आणखी एक पाटी टांगली: 'नातं सांगू नये. आधी पैसे.'

काय सांगू, गल्ला वाजू लागला! तेरा पैसे कुणीच देत नव्हतं (सुट्टे कुणाकडेच नव्हते), पण दोन-दोनच्या नोटा पडत होत्या. आतून आत्या विचारायची, "कोन आलंय रं?" मी म्हणायचो, "कोल्हापूरचा आहे." त्या काही दिवसांत अख्खं कोल्हापूर आमच्याकडे जेवून गेलं. वंदनाच्या तोंडावर जरा हसू दिसायला लागलं.

अशात एका दुपारी एक म्हातारा दारात उभा राहिला. बोडका, उन्हाने रापलेला, खांद्यावर पोतं. पोतं खाली ठेवून त्याने घाम पुसला.

"राम राम."

"आधी पैसे."

"मी सोयगावचा. आत्याबाईचा व्याही."

"सकाळपासून तुम्ही चौथे व्याही," मी म्हणालो. "आत्याला मुलगी एकच आहे."

त्याने वर बघून पाटी सावकाश वाचली. मग खालची वाचली. मग माझ्याकडे बघितलं, जसं काही मीही पाटीच आहे.

"आणि ते पोतं दारात नको. लोकांच्या पायात येतं. तिकडे भिंतीला लावा."

त्याने मुकाट्याने पोतं भिंतीला लावलं, दोनची नोट ठेवली. "तेरा पैसे सुट्टे न्हाईत बगा."

"असू द्या," मी उदारपणे म्हणालो.

त्याने धपाटं खाल्लं, ताटली स्वतः उचलून ठेवली आणि निघाला. मी ओरडलो, "अहो, पोतं राहिलं!"

"ते आत्याबाईला द्या," तो वळून न बघता म्हणाला. "घरची ज्वारी हाय. दुकान टाकलं म्हून आणली."

तेवढ्यात आत्या आतून आली. हाताला पीठ, हातात उलथनं.

"आत्ता कोन बोललं? ह्यो नानांचा आवाज व्हता."

"कोण नाना?"

"कोन नाना? माझ्या कमळीचा सासरा!" तिला पोतं दिसलं. गल्ल्यावरची नोट दिसली. "तू नानांकडनं पैसे घेतले?"

"आत्या, मला ओळखू आले नाहीत. लग्नात फेटा होता. आणि ते चौथे..."

"पैसे घेतले?"

"दोन रुपये. तेरा पैसे सोडले."

उलथनं खाली पडलं. आत्या तिथेच बाकड्यावर बसली. मला वाटलं आता शिव्या सुरू होतील. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलायला लागली.

"पोलीस ॲक्शनच्या आदीची गोष्ट. रझाकाराच्या भ्यानं आमी पिशोर सोडलं. मी लहान, तुजा बाप माझ्याहून लहान, माजं बोट धरून. घाट उतरून सोयगावच्या अंगाला आलो तं ह्या नानाच्या बापानं शेतातल्या गोठ्यात ठिवून घेतलं. वळख ना पाळख. रोज टोपल्यात भाकरी यायची. कोन, कुटले, इचारलं न्हाई. निजाम गेला, आमी घरला निघालो, तवा माज्या बापानं कनवटीचे पैसे काढले. तं त्या मानसानं आपल्या डोक्याची टोपी काढून माज्या बापाच्या डोक्यावर ठिवली. म्हनला, पाव्हन्याकडनं काय घ्यायचं? तवापासनं सोयरीक हाय आपली." तिने डोळ्यांना पदर लावला. "त्या घरच्या भाकरीवर तुजा बाप वाढला, आन् तू त्यांना म्हनला, आदी पैसे."

मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे वंदना उभी होती. तिच्या हातातल्या पातेल्यातून दही सांडत होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

आत्याने आत जाऊन तवा उतरवला, स्टोव्ह विझवला आणि जाहीर केलं, "उद्यापासनं तूच थाप. तूच भाज. तूच गिळ." दुसऱ्या दिवशी मी खरंच थापायला बसलो. पहिलं धपाटं फडक्यालाच चिकटलं, दुसरं तव्याला आणि तिसरं मला. वंदनाने माझ्या हातातून फडकं काढून घेतलं आणि म्हणाली, "सोयगावला जा. नानांचे पैसे परत करा. त्याशिवाय हे दुकान उघडणार नाही."

मी टॉवेल-टोपी घेतली, ती दोनची नोट घेतली आणि एसटीत बसलो. रस्ताभर क्षमेचं भाषण पाठ केलं. नानांच्या ओट्यावर पोचलो आणि तोंड उघडायच्या आत नाना आतून आले.

"या मास्तर! बरं झालं आले. मीच येनार व्हतो. तुमचे तेरा पैसे राह्यले माझ्याकडं."

भाषण पार विसरलो. "नाना, हे तुमचे दोन रुपये..."

"ते कशाला? ती आमच्याकडनं दुकानाची बोहनी. चला, हात-पाय धुवा."

मग मला जेवायला बसवलं. नानांची सून म्हणजे माझी आत्येबहीण कमळ. तिला सगळं कळलेलं होतं. ती भाकरी वाढताना दर वेळी विचारायची, "दादा, आणखी एक? पाटी नाय बरं का आमच्यात." ऊठ म्हटलं तरी उठवेना इतकं त्यांनी खाऊ घातलं. निघताना नानांनी मी आणलेली टॉवेल-टोपी ठेवून घेतली, पण ती दोनची नोट माझ्याच हातात ठेवून माझी मूठ बंद केली आणि आपल्या ट्रंकेतली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. ती भुवयांपर्यंत आली. एसटीत बसल्यावर मी ती काढून बघितली. आतून पिवळा दोरा टाचलेला होता!

म्हणजे चिंचोलीच्या भावाला दिलेली टोपी, का आणखी कुणा भाच्याला दिलेली, दोन तालुके फिरून माझ्याच डोक्यावर आली होती. आम्ही धंद्यात घातलेल्या भांडवलापैकी परत आलेलं तेवढंच.

घरी येऊन ती टोपी मी आत्यासमोर ठेवली. आत्याने दोरा बघितला आणि कित्येक दिवसांनी हसली. वंदना मात्र हसली नाही. टोपी हातात घेऊन तिने उलटीपालटी केली आणि म्हणाली, "अहो, धपाट्याचे पैसे मागायला आपल्याला लाज वाटते. पण टोपीचे पैसे द्यायला कुणाला लाज वाटते का? आत्या शहागंजात कशा रोख मोजून आल्या!"

तिचा हिशोब सरळ होता. बसस्थानकावर उतरणारा दर दुसरा माणूस कुठल्या ना कुठल्या लग्नाला निघालेला. आहेर घ्यायला त्याला शहागंजापर्यंत जावं लागतं. तो त्याला इथेच मिळाला तर? दसऱ्याच्या मुहूर्तावर खलीलभाईंकडून घाऊक माल आला आणि धपाट्यांच्या दुकानाचं आहेराचं दुकान झालं. (टोपीचा दर मी ठरवू का, असं विचारल्यावर आत्या आणि वंदना एका सुरात "नको!" म्हणाल्या.) टॉवेल घ्यायला येणाऱ्याला आत्या गाव विचारायची, नातं काढायची, बसवून धपाटं खाऊ घालायची, आणि तो बिचारा संकोचून दोन टॉवेल जास्तच घ्यायचा. पुढच्या वर्षी मी बेंच विकले. दुकानाला वेगळं मीटर बसलं आणि विजेचं पहिलं बिल आलं ते वंदनाच्या नावाने. तिने ते भरायच्या आधी दोन दिवस देवापुढे ठेवलं होतं.

एकदा दुपारी मी कॉलेजातून भुकेला आलो. दुकानात धपाट्यांचा खमंग वास सुटलेला. बाकड्यावर बसून म्हटलं, "आत्या, एक दे."

आत्याने धपाटं वाढलं. दह्याचा चमचा हवेत धरला. "कोन गावचं म्हनायचं?"

"पिशोरचा," मीही हसत म्हणालो.

"पिशोरात कोनाचं?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. आत्याने डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. "लई शोधलं बाबा. न्हाई लागत." आणि गल्ल्याकडे बघून म्हणाली, "वंदे, ह्यांच्याकडनं घे."

वंदनाने माझी जुनी पाटी कुठे जपून ठेवली होती कोण जाणे, ती गल्ल्याखालून काढून माझ्यासमोर धरली. "दोन रुपये तेरा पैसे. सुट्टे द्या."

मी सव्वादोन दिले, ते तिने घेतले नाहीत. शेवटी खडूच्या जुन्या डबीत दहा पैशांचं एक आणि तीन पैशांचं एक नाणं सापडलं. त्या धपाट्यावर अगदी पाटीप्रमाणे पंचवीस टक्के नफा झाला. माझं सूत्र बरोबरच होतं. ते लागू पडेल असं गिऱ्हाईक तेवढं जगात एकच होतं, आणि त्याला टोपीसुद्धा मिळाली नाही.